गारमाशाचं पांढरं पोट

आमचे मोठे भाऊजी इवाकिची, म्हणजे माझ्या यजमानांचे थोरले भाऊ, जन्मभर कौलं घालायचं काम करत आले. हात चोख. त्यांनी शाकारलेलं छप्पर गळलं असं कुणी सांगितलेलं माझ्या ऐकण्यात नाही. तरी त्यांना काम देताना लोक एक अट घालायचे, थंडी सुरू व्हायच्या आत काम पुरं झालं पाहिजे. कारण एकदा का समुद्रावरून पहिला गडगडाट ऐकू आला की भाऊजींचा भरवसा संपला. आमच्याकडे विजा थंडीतच कडाडतात, म्हातारी माणसं म्हणतात बर्फाला जाग आली. बाकीचे लोक वाळत घातलेले मुळे आणि कपडे आत घ्यायला धावतात. भाऊजी हातातलं कौल खाली ठेवायचे, शिडी उतरायचे आणि नदीकडे पळत सुटायचे. मागे छप्पर उघडंच.

देवळाच्या पुजाऱ्याचं घर शाकारताना असंच झालं. गारा थेट त्याच्या जेवणाच्या वाडग्यात पडल्या. भाऊजी परत आले तेव्हा पुजारी घरात छत्री उघडून बसला होता. भाऊजींनी कमरेत वाकून माफी मागितली. पुजारी मोठा गमत्या माणूस. तो म्हणाला, "इवाकिची, निदान काय दिसलं ते तरी सांग. माझ्या भिजलेल्या गाद्यांचं सार्थक होऊ दे."

"आज नाही दिसलं," भाऊजी म्हणाले आणि शिडी चढले.

मी लग्न होऊन या घरात आले तेव्हापासून हे 'आज नाही दिसलं' ऐकत होते. मी जात्याच तोंडाळ. पहिल्याच थंडीत जाऊबाईंना विचारलं, "भाऊजींना दिसायचं तरी काय आहे? नदीत कुणी बाई ठेवलीय का?"

जाऊबाई किनुए म्हणजे फटकळपणात माझी गुरू. मुळा किसता किसता त्या म्हणाल्या, "बाई असती तर केस धरून ओढून आणली असती. मासा आहे मेला. सवत म्हणून मासा माझ्याच नशिबी यायचा होता."

तो मासा म्हणजे गारमासा. आमच्या कुझुर्यू नदीचा. दिसायला म्हणाल तर अगदी ओंगळ. डोकं अंगाच्या मानाने दांडगं, जबडा या कानापासून त्या कानापर्यंत, अंगावर खवला नाही आणि पाठीचा रंग हुबेहूब नदीच्या तळातल्या दगडाचा. दगडांत दगड होऊन पडून राहतो. शेजारून एखादा भाबडा आयु मासा गेला की एक झडप, आणि पुन्हा दगड. त्याच्यावर पाय पडला तरी माणसाला कळत नाही. वसंतात याची नखाएवढी पिल्लं समुद्रातून नदीत शिरतात आणि प्रवाहाच्या तोंडावर चढत चढत वर जातात. वर मोठी होतात. मग कडाक्याची थंडी आली की पोटात अंडी घेऊन माद्या खाली निघतात, नर त्यांच्याबरोबर. आमच्याकडे मुली पहिल्या बाळंतपणाला माहेरी जातात, तसा हा मासा समुद्राला जातो. मिकुनी बंदराच्या बाहेर उथळ पाण्यात एखादा रिकामा शिंपला बघून मादी त्यात अंडी घालते आणि नर दाराशी बसून राखण करतो. पिल्लं बाहेर पडेपर्यंत तो काही खात नाही म्हणतात. मला हे पहिल्यांदा कळलं तेव्हा मी माझ्या यजमानांकडे बघितलं होतं. माझ्या दोन्ही बाळंतपणांत ते सोबाच्या शेवया खात बसले होते.

आता गारांचं. आमच्या खालच्या खोऱ्यात शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे की गारा पडायला लागल्या की गारमासा उताणा होतो. पांढरंशुभ्र पोट आभाळाकडे करतो, पोटावर गारा झेलतो आणि तसाच वाहत वाहत समुद्राला मिळतो. म्हणून तर त्याचं नाव तसं. कुणालाही विचारा, सांगेल. फक्त स्वतः पाहिलंत का म्हणून विचारायचं नाही. मग तो म्हणतो, आजोबा सांगायचे. आजोबांना विचारलं तर त्यांचे आजोबा सांगायचे.

स्वतः पाहिलं म्हणणारा गावात एकच माणूस होऊन गेला. माझे सासरे उमेजिरो.

मी त्यांना पाहिलं नाही, माझ्या लग्नाआधीच गेले. गोष्ट ऐकली ती अशी. मोठा भूकंप झाला त्या वर्षी आमचं घर आडवं झालं. पडक्या घराची दारं उभी करून सासऱ्यांनी एक खोपटं केलं होतं. त्या खोपटात शरदात सासूबाई बाळंत झाल्या आणि त्यातच गेल्या. जन्मलं ते बाळ म्हणजे माझे यजमान. भाऊजी तेव्हा नुकते शाळेत जायला लागले होते. पदरात तान्हं पोर, घर नाही, होडी फुटलेली, मासेमारी बंद. त्या थंडीत एका दुपारी गारा पडल्या आणि सासरे नदीवरून घरी आले ते डोळे विस्फारूनच. त्यांनी भाऊजींना जवळ घेतलं आणि सांगितलं, "इवाकिची, मी पाहिले. गारमासे. नदीभर पांढरी पोटं. एकामागून एक, एकामागून एक. सगळे समुद्राला चाललेत."

तेच त्यांनी गावच्या सार्वजनिक न्हाणीघरातही सांगितलं. न्हाणीघरात पुरुष गरम पाण्यात गळ्यापर्यंत बसलेले, हसायला कारणच हवं असतं. कुणी म्हणालं बायको गेली आणि उमेजिरोचं डोकं फिरलं. कुणी म्हणालं साके कुठे प्यायलास ते सांग, आम्हीही मासे बघू. त्या दिवसापासून त्यांना 'पांढरपोट्या' नाव पडलं ते मरेपर्यंत. पुढे ते या विषयावर चकार शब्द बोलले नाहीत. पण शाळेत पोरं भाऊजींनाही 'पांढरपोट्याचा' म्हणायची. बाप थापाड्या ठरला ही गोष्ट भाऊजींच्या जिवाला लागली. आपण एकदा ते मासे बघायचे, काठावर चार लोकांना उभं करून दाखवायचे आणि बापाच्या नावावरचा डाग धुऊन काढायचा, एवढंच त्यांच्या मनाने घेतलं. बाकी आयुष्य त्यांनी त्याच्या मधल्या वेळात केलं म्हणा ना.

स्वतःच्या लग्नात मानाचे तीन प्याले प्यायचे असतात. दुसऱ्या प्याल्याला गडगडाट झाला. नवरदेव उठला आणि काळ्या किमोनोसकट नदीवर. जाऊबाई डोक्यावर नवरीची पांढरी टोपी घेऊन सगळ्या पाहुण्यांसमोर एकट्या. "तिसरा प्याला मीच पिऊन टाकला," त्या सांगायच्या. "म्हटलं, अर्धवट लग्न नको." केशकर्तनालयातून ते एकदा अर्धी दाढी घेऊन पळाले. माझ्या यजमानांच्या अंत्यविधीला मात्र आभाळ स्वच्छ होतं. मी मनात म्हटलं, धाकट्या भावाने जाता जाता तेवढी सोय केली.

सुरुवातीला मला हा माणूस वेडा वाटायचा. ते मत बदलायला मला बरीच वर्षं लागली. भाऊजींना हवं ते दिसलं नाही, पण नदीकाठी इतक्या वेळा उभं राहिल्यावर बाकीचं दिसल्याशिवाय कसं राहील? घरी येऊन ते जेवता जेवता सांगायचे. आज सॅमन वर चढत होते, अंगाची लक्तरं झालेली, शेपटीचं नुसतं हाड उरलेलं, तरी चढतायत. आज बोय माशांचा थवा नदीच्या मुखातून आत शिरला, पाणी उकळल्यासारखं. आज खाऱ्या आणि गोड्या पाण्याच्या मध्ये शिवण दिसत होती, एका बाजूला पाणी हिरवं आणि एका बाजूला राखाडी, आणि वाम माशाची काचेसारखी पिल्लं त्या शिवणीवर अडून बसली होती. पिल्लांना नुसते डोळे आहेत, बाकी अंगातून पलीकडचं दिसतं. इथे जन्मली नाहीत, आई कुठल्या समुद्रात मेली ते ठाऊक नाही, तरी पत्ता बरोबर शोधून आली.

"आणि ती सवत?" जाऊबाई विचारायच्या.

"आज नाही दिसली."

"मग जेवा. कोंड्यात मुरवलेला बांगडा भाजलाय, तो तरी दिसतोय का?"

एकदा मी त्यांच्याबरोबर पुलापर्यंत गेले होते. ते मला म्हणाले, "शिगेमी, हे पाणी बघ. आत्ता या घडीला आपल्या पायाखालून कुणी वर चाललंय, कुणी खाली चाललंय, कुणी जन्माला चाललंय, कुणी मरायला. एकमेकांना धक्का लागत नाही. आपल्या गावात दोन गाड्या समोरासमोर आल्या की भांडण होतं." मी त्या राखाडी पाण्याकडे बघत राहिले. मला काहीच दिसलं नाही, पण अंगावर काटा आला, हे मी कबूल करते. इतकं सगळं चाललेलं असताना वरून पाणी इतकं शांत कसं राहतं, हा प्रश्न मला अजून सुटलेला नाही.

मग भाऊजींचे डोळे गेले. एकदम नाही. आधी शिडीची पायरी चुकली, मग वाडग्याच्या बाजूला सार ओतलं. शहरातल्या डॉक्टरांनी काचबिंदू सांगितला. म्हणाले, नळीतून बघावं तसं दिसतंय ना? ही नळी आता अरुंद होत जाणार. औषधं घाला, पण पुढच्या वसंतापर्यंत जेवढं दिसतंय तेवढं बघून घ्या. येताना बसमध्ये भाऊजी खिडकीतून आभाळाकडे बघत होते. जाऊबाई माझ्या कानात म्हणाल्या, "बघ हं शिगेमी, नातवंडांची तोंडं बघून घ्यायची म्हणेल असं वाटत असेल तुला. अजिबात नाही. गारा मोजतोय मनात."

खरंच तसं होतं. हातात आता एकच थंडी होती. जे जन्मभर दिसलं नाही ते या थंडीत दिसलं तर दिसलं, नाहीतर बापाची गोष्ट थाप म्हणूनच त्यांच्याबरोबर संपणार. ते काही बोलायचे नाहीत, पण पहाटेपासून व्हरांड्यात बसून समुद्राकडे कान लावायचे. डोळे अधू झाल्यापासून त्यांना गडगडाट आमच्या आधी ऐकू यायचा.

त्या दुपारी मी आणि जाऊबाई मागच्या अंगणात मुळे वाळत घालत होतो. लांब दोरीला जोडी जोडीने बांधायचे आणि दोरी खांबांना ताणायची. भाऊजी काठी टेकत बाहेर आले आणि म्हणाले, "निघतो मी."

आभाळ खरंच शाईसारखं झालं होतं. जाऊबाईंनी मुळा खाली ठेवला. "निघतो म्हणजे? समोरचं गटार दिसत नाही तुम्हाला, आणि नदीवर निघालात?"

"शेवटचं आहे, किनुए."

जाऊबाईंनी त्यांच्याकडे बघितलं. इतक्या वर्षांत ही बाई एकदाही त्यांच्याबरोबर नदीवर गेली नव्हती, सवतीच्या दारात मी पाऊल ठेवणार नाही म्हणायची. त्या उठल्या, दोरीवरचे मुळे भराभर ओरबाडून काढले, आणि दोरीचं एक टोक भाऊजींच्या कमरेला घट्ट आवळलं. दुसरं टोक स्वतःच्या हाताला गुंडाळलं.

"हे काय, मी गाय आहे?" भाऊजी म्हणाले.

"गाय असतात तर दूध तरी मिळालं असतं. चला आता."

अशी आमची वरात निघाली. पुढे म्हातारा, मागे दोरी धरलेली म्हातारी, त्यांच्या मागे छत्री घेतलेली मी. पुलाखालून जुन्या होड्यांच्या धक्क्याची दगडी रांग नदीत थोडी आत गेलेली आहे. भाऊजींची जागा तीच. त्या टोकापाशी पाणी एकदम खोल होतं. आम्ही तिथे पोचलो तोवर वीज कडाडली आणि गारा सुरू झाल्या.

गारांचा आवाज मला ठाऊक होता, छपरावरचा. पाण्यावरचा आवाज मी पहिल्यांदाच ऐकला. सगळी नदी एकाच वेळी बोलायला लागल्यासारखं झालं. छत्री फाटते की काय असं वाटलं. पाण्यावर नजर ठेवावी म्हटलं तर नजर ठरेना. गार पडली की पाणी वर उडतं, ते खाली येतं न येतं तोच दुसरी पडते. या काठापासून त्या काठापर्यंत नुसतं पांढरं. त्यात पांढरं पोट असलं काय आणि नसलं काय! मी तिथे उभी राहून मनात म्हटलं, अरे देवा, हे तर कुणालाच दिसणं शक्य नाही. डोळे धड असते तरी दिसलं नसतं. हा माणूस सगळा जन्म न दिसणाऱ्या गोष्टीकडे बघत उभा राहिला. मला इतकं वाईट वाटलं की डोळ्यांत पाणी आलं.

"दिसतंय का काही?" जाऊबाई ओरडल्या.

भाऊजी पुढे वाकले. आणखी वाकले. दगडावर गारांचा थर साचला होता. त्यांचा पाय गेला आणि ते सरळ पाण्यात.

मी किंचाळले. जाऊबाई नाही. त्यांनी दोरी दोन्ही हातांनी धरली आणि धक्क्याला पाय लावून मागे कलल्या. मी छत्री टाकून त्यांना येऊन मिळाले. दोरी ताठ झाली. आम्ही ओढतोय, ओढतोय, आणि भाऊजी वर येईनात. कुठे अडकले असावेत असं वाटलं. जाऊबाई रडत नव्हत्या, शिव्या देत होत्या. नवऱ्याला, माशांना, गारांना, माझ्यासकट सगळ्यांना. मग एकदम दोरी सैल झाली आणि भाऊजींचं डोकं पाण्याबाहेर आलं. कसंबसं आम्ही त्यांना दगडांवर घेतलं. ते खोकत होते, दातांवर दात आपटत होते, आणि हसत होते.

"दिसले," ते म्हणाले. "किनुए, दिसले! पांढरी पोटं! एकामागून एक! माझ्या तोंडावरून गेले, अगदी इथून. अंड्यांनी फुगलेली पोटं. वर गारा फुटतायत, उजेड नुसता हलतोय, आणि त्या उजेडात ते चाललेत. बाबा खरं बोलत होते!"

"वर का येत नव्हतात?" जाऊबाईंनी त्यांच्या थोबाडीतच मारायची बाकी ठेवली. "आम्ही इथे मरत होतो!"

"तळाचा दगड धरला होता. अजून थोडं बघायचं होतं."

मी त्यांच्या अंगावर माझा कोट टाकला. हा पंचाहत्तरी गाठलेला माणूस, अर्धा आंधळा, थंडीने निळा पडलेला, आणि त्याच्या तोंडावर असा आनंद की मी तसा कुणाच्या तोंडावर पाहिला नाही. मी मासे पाहिले नाहीत. पण त्यांनी पाहिले याबद्दल मला तिळमात्र शंका नाही. कशाच्या बळावर म्हणाल तर त्या तोंडाच्या.

"खरंच उताणे होते?" मी विचारलं.

"छे, उताणे कुठले?" ते म्हणाले. "सरळच पोहत होते. त्यांचं पोट असतंच पांढरं. मी खाली होतो ना, म्हणून..."

तिथे ते थांबले. हसू तसंच तोंडावर राहिलं, पण आतून माणूस निघून गेल्यासारखं झालं. मला वाटलं थंडीने भोवळ येतेय. आम्ही दोघींनी काखेत हात घालून त्यांना घरी आणलं.

कढत पाण्याची आंघोळ झाली, शेगडी पेटली, मिसोच्या साराचा वाडगा हातात दिला. डॉक्टर येऊन छाती तपासून गेले, काही नाही म्हणाले. भाऊजींनी वाडगा तोंडाला लावलाच नाही. वाडग्यातलं सार थंड झालं. शेवटी जाऊबाईंना राहवेना.

"जिंकलात ना? बापाचं खरं झालं ना? उद्या न्हाणीघरात जाऊन सांगा सगळ्यांना. आता तोंड कशाला पाडलंय?"

"बाबा काठावर नव्हते," भाऊजी म्हणाले.

आम्हाला दोघींना काही कळेना.

"वरून तो मासा म्हणजे दगड," ते हळूहळू, शब्द निवडत बोलू लागले. "पाठ दगडाची. वरून गारांत तर काहीच दिसत नाही, आज तू बघितलंस शिगेमी. पांढरं पोट दिसायचं तर माणूस खालीच हवा. पाण्याच्या तळाशी, पाठीवर पडलेला. बाबांनी पोटं पाहिली म्हणजे बाबा तिथे होते."

"मग पाय घसरला असेल," मी म्हटलं. "तुमचा घसरला तसा."

"मलाही तसंच वाटलं. धक्क्यावरून घरी येईपर्यंत तसंच वाटत होतं." त्यांनी वाडगा खाली ठेवला. "पण होडी त्या वर्षी फुटलेली होती. जाळं घरात होतं. गारांत नदीवर जायचं त्यांना काही कारणच नव्हतं. आणि ते घरी आले तेव्हा त्यांच्या कोटाच्या पिशवीसारख्या दोन्ही बाह्यांत दगड होते. हे एवढाले. मीच काढले एक एक करून, ते नुसते उभे होते. मी विचारलं, हे कशाला आणले? तर म्हणाले, तुला खेळायला. गारमासा दगडासारखाच दिसतो, म्हणून आणले."

शेगडीवर किटली वाजत होती. जाऊबाईंनी तोंडावर हात ठेवला.

मी विचार करत होते त्या खोपटाचा. त्यात झोपलेलं महिन्या-दोन महिन्यांचं पोर, दुपट्यात, शेजारणीच्या दुधावर. पुढे त्याच पोराशी माझं लग्न झालं. माझी मुलं, माझी नातवंडं, सगळं त्या दुपारी पाण्याच्या तळाशी एका माणसाच्या दोन बाह्यांत अडकून पडलं होतं. त्याची बायको बाळंतपणात गेली होती. तो तिथे पडून वर बघतोय आणि त्याच्या तोंडावरून अंड्यांनी भरलेल्या माद्या, एकामागून एक, बाळंत व्हायला चालल्यायत. काय वाटलं असेल त्याला? मला नाही सांगता येणार. पण तो उठला. बाह्यांतले दगड टाकून द्यायचंही भान त्याला राहिलं नाही, ते ओझं घेऊनच पाण्यातून वर आला आणि घरी गेला. आपण कुठे होतो हे पोराला सांगता येईना, म्हणून त्याने मासे उताणे केले. आता वाटतं, ही गोष्ट आमच्या नदीवर ज्याने अगदी पहिल्यांदा सांगितली असेल, तोही असाच खालून बघून वर आला असणार. मी हात जोडले. कुणाला जोडले ते मला कळलं नाही, माशांना असतील.

जाऊबाईंनी भाऊजींच्या गुडघ्यावर रजई ओढली. आवाज अगदी बारीक काढून त्यांनी विचारलं, "आणि त्या दगडांचं काय केलंत?"

"खेळलो," भाऊजी म्हणाले. "सगळा हिवाळा. बाबाही खेळायचे माझ्याबरोबर."